लाइट, गॅस आणि सोलर: इंदूरच्या घरात कोणाकडून घ्यायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्रनगरात आमच्या गल्लीत लाइटचं बिल जरा जास्त आलं की लोक ते हातात घेऊन माझ्याकडे येतात, गेली सात-आठ वर्षं हे चाललंय. आता सुदामानगर, वैशालीनगरपासून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवलंय. काही जण फक्त स्वस्त काय ते विचारतात, काही जण (विशेषतः कॉलेजातली मुलं) विचारतात की आपण जी वीज वापरतो ती कोणाच्या जिवावर येते. मला दोन्ही प्रश्न सारखेच महत्त्वाचे वाटतात आणि दोन्हींची उत्तरं एकाच बिलात सापडतात, म्हणून वेगळी काढली नाहीत.

इंदूरमध्ये लाइटची कंपनी बदलता येते का?

नाही येत. मोबाइलचं सिम बदलतो तसं इथे काही नाही. आपल्याकडे वीज देते ती मध्य प्रदेश पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी, जिचं मुख्य ऑफिस पोलोग्राउंडला आहे. जुने लोक अजून एमपीईबीच म्हणतात, पण ते राज्याचं जुनं वीज मंडळ मोडून त्याच्या कंपन्या झाल्या आणि २००५ पासून वाटपाचं काम तीन कंपन्यांकडे आहे: इंदूर-उज्जैनकडे पश्चिम, भोपाळ-ग्वाल्हेरकडे मध्य, जबलपूरकडे पूर्व. तिन्ही सरकारी आहेत आणि तिन्हींचे घरगुती दर एकच, कारण ते भोपाळचा वीज नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे ग्वाल्हेरच्या मामांना स्वस्त पडतं आणि आम्हालाच महाग, असं कोणी म्हणालं तर फरक दरात नाही, वापरात आहे.

मग मुंबईच्या दिरांनी कंपनी कशी बदलली?

मुंबई हा अपवाद आहे. २००३ च्या वीज कायद्यात एकाच भागात दोन कंपन्यांना परवाना द्यायची सोय आहे, पण दुसऱ्या कंपनीनं स्वतःच्या तारा टाकायला हव्यात, आणि तो खर्च कोण करणार. मुंबईच्या उपनगरात टाटा आणि तेव्हाची रिलायन्स (२०१८ पासून अदानी) अशा दोन कंपन्या आधीपासून होत्या, २००८ साली सुप्रीम कोर्टानं टाटाला घरगुती ग्राहकांना वीज द्यायला मोकळीक दिली आणि मग लोक इकडून तिकडे जाऊ शकले, तारा त्याच ठेवून. एकाच तारांवर अनेक कंपन्या आणायचं विधेयक २०२२ च्या ऑगस्टमध्ये लोकसभेत मांडलं होतं, ते लगेच समितीकडे गेलं. तेव्हा त्याची वाट बघत बसू नका.

मग निवडायचं काय? आपल्या हातात काहीच नाही का?

आहे ना, भरपूर आहे. तार बदलता येत नाही. पण वीज दिवसा घ्यायची की रात्री, महिन्याला किती युनिटांच्या आत राहायचं, गॅस पाइपचा की टंकीचा, टंकी कोणत्या एजन्सीची, सोलर लावायचं का आणि कोणाकडून, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुठे द्यायची हे सगळं आपणच ठरवतो आणि बहुतेक घरांत ते न विचार करताच ठरतं. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

बिल अचानक दुप्पट कसं झालं? वापर तर तेवढाच आहे!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सावकाश सांगते.

आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे आहेत: ५० युनिटपर्यंत, ५१ ते १५०, १५१ ते ३०० आणि ३०० च्या वर. दर दरवर्षी थोडे बदलतात, पण साधारण साडेचार रुपयांपासून सुरू होऊन सात रुपयांच्या आसपास जातात. त्यावर फिक्स्ड चार्ज, वीज शुल्क आणि इंधनाचा अधिभार, जो दर महिन्याला वरखाली होतो. इथपर्यंत सगळीकडे असतं तसंच.

खरी गोष्ट अटल गृह ज्योती योजनेत आहे. महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तर पहिल्या १०० युनिटांचे फक्त १०० रुपये लागतात आणि वरच्या युनिटांना नेहमीचा दर. पण १५० ओलांडलं की सवलत पूर्ण जाते, म्हणजे वरच्या चार-दोन युनिटांची नाही तर सगळीच, पहिल्या युनिटापासून नेहमीचा दर लागतो. गोल आकड्यात बघा, १५० युनिट वापरले तर १०० रुपये आणि वरच्या ५० युनिटांचे साधारण २७० म्हणजे ३७० रुपये, आणि १६० युनिट वापरले तर तेच ८३० च्या आसपास जातं, शिवाय फिक्स्ड चार्जही वाढतो. दहा युनिटांसाठी साडेचारशे रुपये! आमच्या समोरच्या काकूंचं असंच झालं, मे महिन्यात नातवंडं आली, कूलर चार रात्री जास्त चालला, बिल बघून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत नीट, त्यांना वाटलं मीटरच खराब झालाय. मीटर अगदी व्यवस्थित होता.

अजून एक, रीडिंग नेहमी बरोबर तीस दिवसांनी होत नाही. हिशेब दिवसाला ५ युनिट असा धरला जातो, त्यामुळे ३३ दिवसांनी रीडिंग झालं तर मर्यादाही त्या मानानं वाढते. बिलावर दोन्ही तारखा असतात, त्या मोजा आणि मगच भांडायला जा.

घरात दोन मीटर घेतले तर दोन्हीकडे सवलत मिळेल ना?

वरच्या मजल्यावर खरंच भाडेकरू असेल किंवा भावाभावांची चूल वेगळी असेल तर वेगळं कनेक्शन घ्यायला काहीच हरकत नाही, तो तुमचा हक्क आहे. पण एकाच कुटुंबानं फक्त सवलतीसाठी मीटर दोन करणं मला पटत नाही आणि मी त्यात कोणाला मदतही करत नाही. ही सवलत सरकारी तिजोरीतून कंपनीला भरून दिली जाते. एका खोलीत राहून शिवणकाम करणाऱ्या बाईचं बिल कमी यावं म्हणून ती आहे, तीन एसीवाल्या घरासाठी ती कधीच नव्हती.

१५० च्या आत राहायचं कसं? उन्हाळ्यात जमतच नाही.

पंख्यापासून सुरुवात करा, लोक एलईडी बल्बवर थांबतात आणि पंखे वीस वर्षांचे जुने असतात. जुना पंखा ७० ते ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १५ तास चालणारा एक पंखा बदलला तर महिन्याला साधारण २० युनिट वाचतात, असे दोन बदलले की ४०. वर जो साडेचारशेचा हिशेब सांगितला तो बघता १८०-१९० युनिटवाल्या घरात हे पंखे काही महिन्यांतच आपली किंमत वसूल करतात. फ्रिज बारा-पंधरा वर्षं जुना असेल तर त्याच्या दाराचं रबर बघा, कागद अडकवून ओढा, सहज निघाला तर गारवा बाहेर जातोय. गिझर आणि पाण्याची मोटर यांचा वेळ घड्याळ लावून मोजा, अंदाजानं नको.

स्मार्ट मीटर लावला तर दिवसा स्वस्त पडतं, हे खरं का?

खरं आहे. २०२५-२६ च्या दरांत आयोगानं स्मार्ट मीटरवाल्या आणि १० किलोवॉटपर्यंत मंजूर लोड असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळातल्या वापरावर ऊर्जा शुल्कात, म्हणजे युनिटांच्या पैशांत, २० टक्के सूट दिली. वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर, पाहुण्यांसाठीचा गिझर, जे काही दुपारी करता येईल ते दुपारी करा. घरी दिवसा कोणी नसतं त्यांना फार फायदा नाही, हेही खरं.

सूट का देतात तेही समजून घ्या. दुपारी ग्रिडमध्ये (वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यात) सोलरची वीज भरपूर असते, संध्याकाळी सूर्य गेला की सगळ्यांचे दिवे, टीव्ही, एसी एकदम लागतात आणि तो भार मुख्यतः कोळशावर येतो. म्हणजे तोच कपड्यांचा ढीग दुपारी धुतला की पैसेही कमी आणि कोळसाही कमी. इतकी सोपी निवड दुसरी कुठलीच नाही, यात खिसा आणि मन दोन्ही एका बाजूला आहेत.

आपल्या घरात येणारी वीज नेमकी कुठून येते?

कोणत्या घरात कुठल्या केंद्राची वीज आली हे वेगळं सांगता येत नाही, सगळी एकाच ग्रिडमध्ये मिसळते. देशातली साधारण तीन चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे आणि एका युनिटामागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या राज्याची मोठी केंद्रं म्हणजे खंडवा जिल्ह्यातलं संत सिंगाजी, २५२० मेगावॉटचं, बैतूलकडचं सातपुडा, बिरसिंगपूर, अमरकंटक. पाण्यावरची इंदिरा सागर १००० मेगावॉट आणि ओंकारेश्वर ५२० मेगावॉट, आणि सरदार सरोवर गुजरातेत असला तरी त्याच्या विजेतला ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाचा. सोलरमध्ये रीवाचा ७५० मेगावॉटचा प्रकल्प, ज्यानं २०१७ च्या बोलीत पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे आणून दाखवला, आणि तिथली २४ टक्के वीज थेट दिल्ली मेट्रोला जाते.

पाण्यापासूनची वीज तर स्वच्छ ना? मग चिंता कशाची?

धूर नसतो हे खरं. पण माझी आत्या हरसूदला दिलेली होती.

२००४ च्या जूनमध्ये इंदिरा सागरच्या पाण्यासाठी ते अख्खं गाव रिकामं करायला लावलं. गाव म्हणते मी, पण बाजारपेठ, शाळा, रेल्वे स्टेशन असलेलं चांगलं मोठं शहर होतं ते. लोकांनी स्वतःची घरं स्वतःच्या हातानं पाडली, कारण दारं, खिडक्या, विटा जेवढं नेता येईल तेवढं न्यायचं होतं. आत्याच्या घराच्या सागवानी दाराची चौकट आतेभावानं छनेऱ्याला, जिथे नवं हरसूद वसवलं तिथे नेली, आणि ती कितीतरी दिवस नुसती भिंतीला टेकवून ठेवलेली होती कारण दार लावायला घरच नव्हतं. अडीचशेच्या आसपास गावं त्या धरणात बाधित झाली. निमाडच्या लोकांचे संत सिंगाजी महाराज, त्यांच्या समाधीभोवतीही आज त्याच जलाशयाचं पाणी आहे, समाधी उंच उचलून सांभाळली म्हणून राहिली. आणि त्यांचंच नाव कोळशाच्या त्या केंद्राला दिलंय.

हे मी कोणाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही, त्या विजेवर माझाही पंखा चालतो आणि नर्मदेचं पाणी माझ्याही नळाला येतं. पण 'स्वच्छ वीज' हा शब्द ऐकला की मी दोन प्रश्न विचारते, धूर किती आणि उठवलेली माणसं किती. गच्चीवरच्या सोलरला या दोन्ही प्रश्नांचं उत्तर सगळ्यात कमी द्यावं लागतं, कारण ती जागा आधीच आपली असते. माझा ओढा गच्चीकडे का आहे ते यावरून कळेल.

कंपनीकडे फक्त ग्रीन वीज मागता येते का?

मध्य प्रदेशच्या आयोगानं ग्रीन टॅरिफची सोय ठेवली आहे, म्हणजे प्रति युनिट थोडं जास्त देऊन तुमच्या वापराएवढी अक्षय ऊर्जा कंपनीनं घ्यावी असं सांगता येतं. हे जास्त करून कारखाने आणि मोठी ऑफिसं घेतात ज्यांना सर्टिफिकेट दाखवायचं असतं. तारेतून येणारी वीज तीच राहते, हिशेब वेगळा होतो. घरासाठी मला विचाराल तर ते जास्तीचे पैसे आधी पंख्यात घाला, न वापरलेल्या युनिटासारखं ग्रीन दुसरं काही नाही.

गॅस पाइपचा घ्यावा की टंकी बरी?

आपल्याकडे पाइपचा गॅस अवंतिका गॅस देते, गेल आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांची मिळून असलेली कंपनी, इंदूर, उज्जैन आणि ग्वाल्हेरला. इथेही कंपनी निवडता येत नाही, पाइप आणि टंकी यातून मात्र निवडता येतं.

तुलना करताना लोक चुकतात कारण टंकी किलोत आणि पाइप घनमीटरमध्ये असतो. १४.२ किलोची टंकी म्हणजे उष्णतेच्या हिशेबात पाइपच्या साधारण १८ घनमीटर गॅसएवढी, मीटरवर त्याला एससीएम लिहिलेलं असतं. तेव्हा बिलावरचा एका एससीएमचा दर (कर धरून) गुणिले १८ करा आणि आजच्या टंकीच्या भावाशी लावून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. भाव बदलत राहतात म्हणून मी आकडा लिहीत नाही, वर्षातून दोनदा स्वतः करून बघा. सुरुवातीचं डिपॉझिट आणि शेगडीचे बर्नर बदलायचा खर्च वेगळा धरा.

पैशाच्या पलीकडे, पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका असतो, गळला तर वर जाऊन खिडकीतून निघून जातो. टंकीचा जड, तो जमिनीलगत साचतो. वयस्कर माणसं एकटी राहत असतील तर मी पाइपच सांगते, टंकी बदलायची कटकट नाही आणि जिना चढवायची नाही.

टंकीची कंपनी किंवा एजन्सी बदलता येते का?

हो, आणि हे फार लोकांना माहीतच नाही. इंडेन, भारत आणि एचपी यांच्यात किंवा एकाच कंपनीच्या दोन एजन्सींमध्ये बदल करायची पोर्टेबिलिटी २०१४ पासून देशभर आहे. आपल्या भागात एजन्सी असली पाहिजे एवढंच. तिन्ही सरकारी कंपन्या, घरगुती टंकीचा भाव शहरात सारखाच, त्यामुळे इथे किमतीवर निवडायचं कारण नाही, वागणुकीवर निवडा. किती दिवसांत येते, वजन करून देतात का, ऐन सणात फोन उचलतात का.

वजनाचा आग्रह धरा. टंकीच्या गळ्याशी रिकाम्या टंकीचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. तिथेच एक अक्षर आणि दोन आकडे असतात, ते पुढच्या तपासणीचे: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी पुढचे तीन महिने असं डीपर्यंत, आणि आकडा सालाचा. तारीख उलटून गेलेली टंकी घ्यायचीच नाही.

घरपोच पोचवायचे पैसे भावातच धरलेले असतात, त्यामुळे वर कोणी हक्कानं मागितले तर द्यायची गरज नाही. हे सांगून झाल्यावर हेही सांगते, की भरलेली टंकी तीस किलोच्या आसपास असते आणि मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर ती खांद्यावर आणणाऱ्या मुलाला मी पाणी आणि वीस रुपये देते, मागितले नाहीत तरी. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. गॅस गळतोय असं वाटलं तर १९०६ वर फोन करा, आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या आणि लाइटच्या बटणाला हात नाही.

गॅस सोडून सगळं इंडक्शनवर केलं तर?

एका टंकीएवढा स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १२५ ते १३० युनिट लागतात. टंकी दीड-दोन महिने पुरत असेल तर महिन्याला ६५ ते ८५ युनिट वाढतील. आता वरचा १५० चा हिशेब आठवा. ज्या घरात आधीच २५० युनिट जातात तिथे इंडक्शन आणि गॅस जवळपास बरोबरीत येतात, ज्या घरात ११०-१२० जातात तिथे सवलत जाऊन नुकसान होईल. गच्चीवर सोलर असेल तर मग विचारायलाच नको, दुपारचा वरण-भात इंडक्शनवरच करा. पोळ्या मात्र माझ्या अजून गॅसवर.

सोलर लावावं का? खरंच परवडतं?

इथे तुम्ही खऱ्या अर्थानं पुरवठादार निवडता, म्हणून नीट बघा.

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि २०२६-२७ पर्यंतची आहे. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॉटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठं लावलं तरी ७८,००० च. तीन किलोवॉटचा खर्च बाजारात पावणेदोन ते दोन लाखांच्या आसपास, सबसिडी जाऊन हातचे साधारण लाख-सव्वा लाख. आपल्याकडे ऊन चांगलं, चांगल्या महिन्यात एक किलोवॉट दिवसाला ४ युनिट देतं म्हणजे तीनचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, पावसाळ्यात बरंच कमी.

महिन्याला ३०० च्या वर वापर असेल तर पैसे पाच वर्षांच्या आसपास वसूल होतात आणि पॅनल पुढे वीस वर्षं चालतात. वापर १५० च्या आत असेल तर मी घाई करू नका असंच सांगते, कारण तुमचं बिल आधीच सवलतीत तीन-साडेतीनशे आहे आणि लाख-सव्वा लाखाची वसुली व्हायला फार वर्षं जातील. विकणारा माणूस हे कधीच सांगणार नाही.

सोलरवाला निवडायचा कसा? रोज दहा फोन येतात.

फोन करणाऱ्याला आधी 'सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद आहे का' एवढंच विचारा आणि पोर्टलवर जाऊन नाव स्वतः बघा, नोंद नसलेल्याकडून लावलं तर सबसिडी मिळत नाही. सबसिडी काम पूर्ण होऊन नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागल्यावर तुमच्याच खात्यात येते, त्यामुळे 'सबसिडी आम्ही वळती करून देतो, तेवढं आत्ता कमी द्या' अशा बोलण्यात गुंतू नका. पॅनल देशात बनलेले आणि त्यातले सेलसुद्धा देशातलेच हवेत, ही योजनेचीच अट आहे, बिलावर तसं लिहून घ्या.

माझी चूक सांगते. आम्ही २०२४ मध्ये लावलं तेव्हा ज्याच्याकडून लावलं तो दुपारी बारा वाजता येऊन गच्ची बघून गेला, तेव्हा सगळीकडे ऊन होतं. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीची सावली साडेतीननंतर दोन पॅनलवर पडते हे डिसेंबरात कळलं, आणि एका ओळीतल्या दोन पॅनलवर सावली आली की आख्ख्या ओळीची वीज पडते. त्याला फोन केले तर म्हणाला काम पास झालंय. शेवटी स्वतःच्या पैशानं स्ट्रक्चर उंच करून घेतलं. तेव्हा गच्ची सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार अशी तीनदा बघायला लावा, आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो त्याची सावली विचारा. वॉरंटी पॅनलची वेगळी, इन्व्हर्टरची वेगळी आणि कामाची वेगळी, तिन्ही लेखी घ्या.

आणि बघा की त्याची पोरं वर चढताना कमरेला पट्टा लावतात का. आमच्याकडे आलेली दोन मुलं, विशीतली असतील, चपला घालून कठड्यावर उभी राहून अँगल कसत होती. मी काम थांबवून पट्टे मागवायला लावले, तर दोन तास फुकट गेले म्हणून कंत्राटदार कुरकुरला. जाऊ देत. ज्याच्या कोटेशनमध्ये सगळ्यात कमी आकडा आहे तो तो कुठून कमी करतो हे असं गच्चीवर दिसतं.

आम्ही मल्टीत (फ्लॅटच्या इमारतीत) राहतो, गच्ची सगळ्यांची आहे. मग?

सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांसाठी सोलर लावता येतं, त्याला प्रति किलोवॉट १८,००० सबसिडी आहे. मेंटेनन्समधला लाइटचा आकडा मीटिंगमध्ये वाचून दाखवा, लोक आपोआप तयार होतात.

आणि एक इंदूरची खास गोष्ट, आपल्या महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) सामान्य लोकांसाठी काढले होते, ८.२५ टक्के व्याजाचे, आणि लोकांची मागणी कितीतरी पट जास्त आली. तो पैसा जलूदच्या ६० मेगावॉट सोलरसाठी, जिथून नर्मदेचं पाणी उपसून इंदूरला आणतात. एवढ्या उंचीवर पाणी चढवायला वीज किती लागते याचा विचार करा. आपल्या नळातलं प्रत्येक बादलीभर पाणी म्हणजे वीजच आहे, टाकी वाहू देणं म्हणजे नुसतं पाणी वाया नाही.

ओल्या कचऱ्याच्या प्लांटचा गॅस घरी मिळतो का?

घरी नाही. देवगुराडियाचा ५५० टन रोजचा प्लांट फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला, त्याच्या बायो-सीएनजीवर सिटी बस चालतात. तुमचा वाटा एवढाच की ओल्या कचऱ्याच्या डब्यात प्लास्टिक जाऊ देऊ नका.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारवाल्याला जास्त पैसे मिळतात, देऊ का?

नका देऊ. त्यात शिसं आणि ॲसिड असतं. गल्लीतला भंगारवाला ती फोडणाऱ्याला विकतो, ॲसिड नालीत ओततात, शिसं उघड्या भट्टीत वितळवतात आणि त्याची वाफ तिथेच राहणाऱ्या लहान मुलांच्या रक्तात जाते. २०२२ च्या नियमांनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्या आणि पावतीवर तसं लिहून घ्या. दोन-तीनशे रुपये कमी मिळतील, मिळू द्यात.

बिल चुकलंय, झोनवर (कंपनीच्या आपल्या भागातल्या ऑफिसात) कोणी ऐकत नाही. कुठे जाऊ?

आधी १९१२ वर तक्रार करा आणि नंबर लिहून ठेवा, नंबराशिवाय पुढे काही होत नाही. मग झोन ऑफिसात लेखी अर्ज आणि त्याची शिक्का मारलेली प्रत. तरी नाही झालं तर ग्राहक तक्रार निवारण फोरम, तिथे वकील लागत नाही, आणि त्याच्याही वर भोपाळला विद्युत लोकपाल. भांडून काही होत नाही, कागदानं होतं.

'आज रात्री साडेनऊला लाइट कापणार' असा मेसेज आला, खरा असतो का?

फसवणूक असते. त्या नंबरावर फोन करू नका, कोणतंही ॲप उतरवू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा, जितकं लवकर तितकं बरं.

घर भाड्याचं आहे, मालक काही करू देत नाही. मी काय करू?

पंखे स्वतःचे लावा आणि जुने माळ्यावर ठेवा, घर सोडताना अदलाबदल करून आपले घेऊन जा. मालक लाइटचे पैसे स्वतःच्या दरानं, आठ-दहा रुपये युनिट असे घेत असेल तर त्याला कंपनीचं बिल दाखवायला सांगा, सबमीटरची तारीख आणि रीडिंग दर महिन्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एक मुलगी आमच्याकडे वर्षभराचे असे बारा फोटो घेऊन आली होती, त्या फोटोंवर मालकिणीनं निमूटपणे साडेतीन हजार परत केले.